जुना कॉम्प्युटर, घरातलं रेकॉर्डिंग आणि माझा चुकलेला खर्च



संशोधनाला सुरुवात करताना आपण सगळे एक चूक करतो. प्रश्न नीट कळायच्या आधीच उत्तर विकत आणतो. मीही तेच केलं. माझं उत्तर होतं एक सेकंडहँड प्रोसेसर. आज त्याचीच गोष्ट सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण मुलाखती, लोकगीतं, बोलीभाषा किंवा संगीत यांवर काम करायच्या तयारीत आहेत. हातात फेलोशिप नाही आणि घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर आहे, अशी बहुतेकांची परिस्थिती असते.

माझा विषय जात्यावरच्या ओव्या आणि त्यांतली बोली. कराड-पाटण पट्ट्यातल्या वयस्कर बायकांकडून ओव्या ऐकायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि मग त्यातले उच्चार मोजायचे, असं काम. गावात जाऊन केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कोंबडे, गाड्या, भांडी सगळंच येतं. अर्थ समजून घ्यायला ते चालतं, पण उच्चार मोजायला चालत नाही. म्हणून कराडमध्ये आमच्या घराची मागची खोली मी रेकॉर्डिंगसाठी तयार केली. भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकीला जाड पडदा लावला. गळीत हंगामात रात्री उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जातात, त्यामुळे वेळ ठरवली दुपारी दोन ते चार.

पहिल्याच आठवड्यात पाटणकडच्या एक आजी लेकीकडे कराडला आल्या होत्या. त्या आमच्याकडे येऊन बसल्या आणि चाळीस मिनिटं म्हणत राहिल्या. रात्री हेडफोन लावून ऐकायला बसले, तर मधे मधे ‘खट्’ असा आवाज. काही ठिकाणी अर्धा शब्दच गायब. दुसऱ्या दिवशी आजींना परत म्हणता का, असं विचारलं, तर म्हणाल्या, “पोरी, ववी काय अशी मागून येती व्हय? आली तवा आली.”

नवीन ओव्या त्यांनी म्हटल्या, पण त्या दिवशीच्या त्याच ओव्या, त्याच क्रमाने पुन्हा आल्या नाहीत. आमच्या क्षेत्रात डेटा गेला म्हणजे हे असं जातं.

माझी पहिली चूक

घरातलं मशीन दादाच्या डिप्लोमासाठी २०१२ मध्ये घेतलेलं. एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, इंटेलचा आय-३ २१०० प्रोसेसर, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. एवढं जुनं म्हटल्यावर दोष प्रोसेसरचाच असणार, असं मी धरून चालले. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, नवीनच घ्या की. ह्यात पैसे कशाला घालताय?” नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मी मधला मार्ग काढला. त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय-५ २४०० सेकंडहँड घेतला. दोन कोअरचे चार कोअर झाले. मशीन सुरू केलं, रेकॉर्डिंग लावलं आणि ‘खट्’ तसाच आला.

आता जरा थांबून बघा. मी एक गृहीतक मांडलं होतं, “प्रोसेसर कमी पडतोय”. पण ते तपासलं नव्हतं. प्रोसेसर खरोखर कमी पडत असेल, तर रेकॉर्डिंग चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याचा वापर नव्वद-शंभर टक्क्यांच्या आसपास दिसायला हवा. तेवढंही मी उघडून बघितलं नव्हतं. नंतर बघितलं तेव्हा जुन्या प्रोसेसरवरही तो बहुतेक वेळ रिकामाच होता. दोन मिनिटांचं निरीक्षण टाळल्यामुळे जवळपास दोन हजार रुपये गेले.

रेकॉर्डिंगला खरंच किती ताकद लागते?

आधी हिशोब करू. कागद-पेन्सिल घ्या.

आवाज डिजिटल करताना सेकंदाला ठरावीक वेळा त्याचं माप घेतलं जातं. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० मापं. प्रत्येक माप २४ बिटचं, म्हणजे ३ बाइटचं. एका मायक्रोफोनसाठी सेकंदाला १,४४,००० बाइट, दोन मायक्रोफोनसाठी २,८८,००० बाइट. तासाला साधारण १.०४ जीबी.

आता जुनी फिरती हार्ड डिस्क घ्या. ती एका ओळीत लिहिताना सेकंदाला काही दहा मेगाबाइट सहज लिहिते. आपल्याला लागतात एका मेगाबाइटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे नुसतं रेकॉर्डिंग हे २०१२ च्या कॉम्प्युटरसाठी अजिबात जड काम नाही. प्रोसेसरला इथे फक्त आकडे उचलून ठेवायचे असतात.

मग आवाज तुटतो का? कारण कॉम्प्युटरला इथे ताकदीपेक्षा वेळेवर हजर राहणं जास्त महत्त्वाचं असतं.

बफर म्हणजे जात्यातला घास

ज्यांनी आजीला दळताना बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. एका हाताने खुंटा धरून जातं फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने तोंडात धान्याचा घास टाकायचा. जातं फिरतच असतं, ते कुणासाठी थांबत नाही. घास टाकायला हात उशिरा आला, तर जातं रिकामं फिरतं.

ऑडिओ इंटरफेसचंही तसंच आहे. तो आवाजाची मापं एकेक करून देत नाही, घासाघासाने देतो. त्या घासाला म्हणतात बफर. बफर १२८ मापांचा असेल, तर ४८ किलोहर्ट्झला एक घास २.६७ मिलिसेकंदांचा होतो. २५६ चा ५.३३, ५१२ चा १०.६७ आणि १०२४ चा २१.३३ मिलिसेकंदांचा. कॉम्प्युटरने दर २.६७ मिलिसेकंदांनी हजर राहून घास उचललाच पाहिजे. एकदा जरी तो दुसऱ्या कामात अडकला, तरी तेवढा आवाज गेला. टास्क मॅनेजर दाखवतो ती सरासरी. दिवसभर नव्वद टक्के मोकळा असलेला प्रोसेसरसुद्धा नेमक्या त्या क्षणी अडकलेला असू शकतो.

मोठा घास घेतला तर उसंत जास्त मिळते, पण आवाज कानापर्यंत पोचायला उशीर होतो. गिटार वाजवताना स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून हेडफोनवर ऐकणाऱ्याला हा उशीर सहन होत नाही, म्हणून तो बफर लहान ठेवतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अशा वादकांसाठी असतात. मी ते वाचून बफर १२८ ठेवला होता. पण माझ्या आजींनी हेडफोन लावलेलेच नव्हते! त्यांना उशिराशी काही देणंघेणं नव्हतं. बफर १०२४ केला असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. हा बदल फुकटात होतो. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा, बस्स.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रश्नाला लावायच्या आधी दोन प्रश्न सारखे आहेत का ते बघायचं. लिटरेचर रिव्ह्यू करतानाही हेच करायचं असतं.

आता नीट प्रयोग

आजींना पुन्हा पुन्हा बसवून मशीन तपासता येणार नाही. म्हणून माणसाच्या जागी एक साधा सूर घेतला. मोबाइलवर १००० हर्ट्झचा स्थिर सूर लावला, मोबाइल विमान मोडमध्ये टाकला आणि केबलने इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडला. वीस मिनिटं रेकॉर्ड करायचं. नंतर ती फाइल प्राटमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम बघायचा. प्राट हे अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ध्वनिविज्ञानात काम करणार असाल तर ते शिकावंच लागेल. स्थिर सुराची तिथे एक सरळ आडवी रेघ दिसते. आवाज जिथे तुटतो तिथे खालून वरपर्यंत उभी रेघ उमटते. कानाला न कळलेला तुटवडाही डोळ्याला दिसतो. ऑडॅसिटीमध्ये तुटलेल्या जागा ओळखून खूण करायची सोय आहे, तीही चालू ठेवा, पण तिच्या एकटीवर विसंबू नका.

मोबाइलच अडखळत असेल तर? म्हणून तोच सूर मैत्रिणीच्या लॅपटॉपवरही रेकॉर्ड करून बघितला. तिथे रेघ स्वच्छ आली. म्हणजे दोष माझ्याच मशीनकडे. संशोधनाच्या भाषेत हा आपला कंट्रोल.

मग वही काढली आणि एक नियम ठरवला: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच वीस मिनिटांची चाचणी. थोडक्यात असं झालं:

पहिली पायरी. नवा प्रोसेसर, बफर १२८, बाकी सगळं तसंच. उभ्या रेघा भरपूर.

दुसरी पायरी. फक्त बफर १०२४ केला. बारीक रेघा जवळजवळ गेल्या. पण अधूनमधून मोठी भोकं राहिली.

तिसरी पायरी. भोकं पडतात तेव्हा मशीन काय करतंय ते बघितलं. विंडोजमधल्या रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ नावाचा रकाना असतो. रॅममध्ये जागा नसली की विंडोज काही पानं हार्ड डिस्कवर ठेवतं आणि लागली की परत आणतं. त्या फेऱ्यांचा हा आकडा. तो मधूनच उसळी घेत होता. भोकंही साधारण त्याच वेळी पडत होती. विंडोज १० च्या ६४-बिट आवृत्तीला मायक्रोसॉफ्टने किमान २ जीबी रॅम सांगितली आहे, आणि माझ्याकडे बरोबर तेवढीच होती. त्यात अँटिव्हायरस आणि ब्राउझर. म्हणजे रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच घर भरलेलं. इथे पहिल्यांदा रॅम वाढवायला पुरावा मिळाला. २ जीबी काढून ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या. मोठी भोकं बंद.

चौथी पायरी. तरी वीस मिनिटांत एखाद-दुसरी रेघ यायचीच. लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. कोणता ड्रायव्हर मशीनला किती वेळ अडवून धरतो ते ते दाखवतं. यादीत वर होता वायफायचा ड्रायव्हर. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद केलं. रेघ शून्य.

पाचवी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. जुना आय-३ परत बसवला. रॅम नवी, बफर १०२४, वायफाय बंद. रेघ शून्य. तीन वेळा केलं, तीनही वेळा शून्य.

म्हणजे रेकॉर्डिंगपुरता प्रोसेसरचा प्रश्न कधी नव्हताच. हे सिद्ध झालं ते जुना भाग परत लावून बघितल्यावर. आपण बदल करतो, सुधारणा दिसते, आणि शेवटचा बदलच कारण होता असं मानून मोकळे होतो. उलट तपासणी केल्याशिवाय तसं म्हणू नये. व्हायवामध्ये नेमकं इथेच पकडतात.

रॅम वाढवताना

मोजून झाल्यावर रॅम वाढवायचीच असं ठरलं, तर एवढं बघा.

तुमच्या बोर्डला कोणती पिढी लागते ते आधी. डीडीआर-२, डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या पट्टीतली खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावला तर बोर्ड मोडतो. सीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चिपसेट, सध्याची रॅम आणि खाचे किती ते सांगतं. डेस्कटॉपची पट्टी लांब, लॅपटॉपची आखूड. काही लॅपटॉपना कमी व्होल्टेजची, १.३५ व्होल्टची डीडीआर-३ एल लागते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाखलेली असते, तिथे काही करता येत नाही.

३२-बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर रॅम लावून उपयोग नाही, ती वापरलीच जाणार नाही. आधी ६४-बिट करा. एच-६१ सारख्या बोर्डवर साधारण दोन खाचे असतात आणि चिपसेट १६ जीबीपर्यंत चालवतो. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन घेतल्या तर दोन वाटांनी माहिती येते-जाते. वेगाच्या आकड्यामागे फार धावू नका. आय-३ २१०० हा प्रोसेसर १३३३ पर्यंतच चालवतो, १६०० ची पट्टी लावली तरी ती १३३३ वर धावेल. स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर-३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात, घेण्याआधी विचारून घ्या.

बसवताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मगच पट्टीला हात घाला. पट्टी कडेला धरा. दोन्ही बाजूंनी ‘टक्’ वाजेपर्यंत सरळ दाबा. आणि नंतर रात्रभर मेमटेस्ट चालवा. सदोष रॅम नसलेल्या रॅमपेक्षा वाईट, कारण ती फाइल बिघडवते आणि आपल्याला कळतही नाही.

प्रोसेसर बदलताना

प्रोसेसर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तो कुठे लागतो ते समजून घ्या. रेकॉर्ड झाल्यावर आवाजातली घरघर काढणं, बऱ्याच ट्रॅकवर इफेक्ट लावणं, सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवणं, शंभर फाइलींवर एकच स्क्रिप्ट चालवणं, अशा कामांना तो लागतो. घरी गाणी रेकॉर्ड करून मिक्सिंग करणाऱ्या मित्राला आणि मुलाखत घेणाऱ्या संशोधकाला म्हणूनच वेगवेगळा सल्ला द्यावा लागतो.

तिथेही कोअर दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, असं होत नाही. जीन अॅमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेला नियम बघा. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो सगळ्याला मागे ओढतो. समजा चाळीस टक्के काम असं आहे आणि साठ टक्के वाटून घेता येतं. दोन कोअरवर वेग १.४३ पट होतो, चार कोअरवर १.८२ पट. म्हणजे दोनाचे चार केल्यावर प्रत्यक्ष फायदा सव्वापटीच्या थोडा वर. कोअर कितीही वाढवले तरी अडीच पटीच्या पुढे जाताच येत नाही. पुन्हा जात्याकडे या. दोघी समोरासमोर बसून ओढतात तेव्हा दळण हलकं होतं. पण खुंटा एक, जातं एक. चौघी आल्या तर दोघी नुसत्या बसून राहणार. एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले चार इफेक्ट असेच असतात, पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. वेगळे ट्रॅक मात्र वेगळ्या कोअरवर जाऊ शकतात. असा जड ट्रॅक ‘फ्रीझ’ करून ठेवला, म्हणजे इफेक्टसकट एकदाच तयार करून घेतला, तर प्रोसेसर बदलायची वेळही टळते.

बदलायचाच असेल तर सॉकेट आधी बघा. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला ११५५ नावाचा सॉकेट, चौथीला ११५०. दिसायला सारखे, पण एकमेकांत चालत नाहीत. एच-६१ वर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर लावायचा तर आधी बायॉस अपडेट करावं लागू शकतं, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं. या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. एक वाकली तर बोर्ड गेला. लॅपटॉपमध्ये तर प्रोसेसर बहुधा डाखलेलाच असतो, विचार सोडून द्या.

आणि उष्णता. आय-३ २१०० ची मर्यादा ६५ वॅटची, आय-५ २४०० ची ९५ वॅटची. मी जुन्याच लहान कूलरवर नवा प्रोसेसर बसवला होता. एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी काम वाढलं की पंखा असा घोंघावायचा, की तोच मायक्रोफोनमध्ये यायचा. सुधारणा म्हणून लावलेल्या भागाने डेटात नवा गोंगाट घातला! शेवटी कॅबिनेट शेजारच्या खोलीत नेलं आणि यूएसबीची केबल दरवाज्याखालून आणली. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते, त्या हिशोबाने जागा ठरवा. पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावली, तरी बराच फरक पडतो.

सगळं तपासून झाल्यावर आय-५ परत लावला. घरघर काढायच्या आणि स्क्रिप्टच्या कामाला तो खरंच बरा पडतो. पैसे अगदीच वाया गेले नाहीत, पण ज्या प्रश्नासाठी खर्च केले त्याचं ते उत्तर नव्हतं.

विश्लेषणात मात्र रॅम लागते, आणि तिथेही मेनू वाचा

प्राटमध्ये नेहमीच्या पद्धतीने फाइल उघडली, की पूर्ण आवाज रॅममध्ये येतो आणि प्रत्येक माप ६४ बिटचं, म्हणजे ८ बाइटचं होऊन बसतं. तासाभराच्या दोन चॅनेलच्या रेकॉर्डिंगचा हिशोब करा: ४८,००० गुणिले ३६०० गुणिले २ गुणिले ८. साधारण २.७६ जीबी. डिस्कवर १.०४ जीबी असलेली फाइल रॅममध्ये अडीच पटीहून मोठी झाली. २ जीबीच्या मशीनवर ती कशी उघडणार?

मला वाटलं, इथे तरी रॅमशिवाय पर्याय नाही. मग मेनूत ‘ओपन लाँग साउंड फाइल’ दिसलं. त्याने फाइल डिस्कवरच राहते आणि हवा तेवढाच तुकडा रॅममध्ये येतो. काही विश्लेषणं थेट त्यावर करता येत नाहीत, तुकडा काढून घ्यावा लागतो. पण आपण तरी कुठे तासाभराच्या फाइलवर एकदम ‘क’ आणि ‘ख’ मोजतो? तुकड्यावरच मोजतो.

कमी मशीनवर मोठं काम

या विषयातली आपल्याकडची सगळ्यांत मोठी कामगिरी तुम्हाला माहीत असायला हवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे संगीत आणि संगणक या दोन्हींचे अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. ओव्यांचा डेटाबेस तयार झाला, शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आज हा ठेवा ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्यामार्फत कुणालाही ऐकता-वाचता येतो.

याच बर्नार्ड बेल यांनी १९८० च्या दशकात तबल्याचे अभ्यासक जेम्स किपेन यांच्यासोबत ‘बोल प्रोसेसर’ नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. तबल्याच्या कायद्यांचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो, हे त्यातून तपासायचं. ते अॅपल टू जातीच्या संगणकावर चालायचं, ज्याची मेमरी किलोबाइटमध्ये मोजावी लागे. आवाज साठवणं तिथे शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी बोल अक्षरांत लिहिले आणि प्रश्न अक्षरांपुरता नेमका केला. मशीन लहान होतं, पण प्रश्न त्या मशीनला पेलेल असा मांडलेला होता.

त्यांच्या शंभर तासांचा हिशोब आपल्या मापाने केला तर १०४ जीबी होतो. दादाच्या जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर तो चार वेळा मावेल.

तुमच्यासाठी

पहिल्या माणसाला मायक्रोफोनसमोर बसवायच्या आधी वीस मिनिटांच्या सुराची चाचणी करा. मशीनमध्ये काहीही बदललं, विंडोजचं अपडेट जरी आलं, तरी पुन्हा करा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि विंडोज ११ या जुन्या मशीनना अधिकृतपणे चालत नाही. म्हणून रेकॉर्डिंगचं मशीन इंटरनेटपासून तोडूनच ठेवा, किंवा लिनक्स घालून बघा. शक्य असेल तर मायक्रोफोनशेजारी एक साधा हातातला रेकॉर्डरही चालू ठेवा. तो विमा आहे.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी सेटिंग, मग साफसफाई, मग रॅम, आणि शेवटी प्रोसेसर. प्रत्येक पायरीला पुरावा मागा. आणि हे सगळं मेथडॉलॉजीच्या प्रकरणात लिहा: किती किलोहर्ट्झ, किती बिट, बफर किती, चाचणी कशी केली, किती वेळा आवाज तुटला. माझ्या गाइडना मी ही वही दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे परिशिष्टात घाल. पुढच्याला उपयोगी पडेल.”

आजी दिवाळीत परत कराडला आल्या. या वेळी तासभर म्हणाल्या आणि स्पेक्ट्रोग्रामवर एकही उभी रेघ आली नाही. पण त्या पहिल्या दुपारच्या ओव्या त्यात नव्हत्या. माझ्या संहितेत त्या जागी चौकटी कंसात लिहिलंय, [ध्वनी तुटला]. अशा अकरा जागा आहेत. त्या तशाच ठेवणार आहे. अंदाजाने भरायच्या नाहीत, हे तर तुम्हाला सांगायला नकोच.